सुटलेली नावे : डीकनपदाच्या तयारीचे वर्ष

२०१९ च्या जानेवारीत आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांनी डीकनपदासाठी जी नावे सुचवली, त्यांत माझे नाव होते. आमची मंडळी प्रेस्बिटेरियन परंपरेतली आहे. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यांच्यापासून सुरू झालेल्या कामातून या भागातील अनेक मंडळ्या उभ्या राहिल्या. या परंपरेत पाळक वचनाची आणि संस्कारांची सेवा करतात, वडील म्हणवले जाणारे ज्येष्ठ सभासद मंडळीचा कारभार व शिस्त पाहतात, आणि गरीब, आजारी, विधवा व एकाकी माणसांची काळजी डीकनांकडे सोपवलेली असते. ही रचना सोळाव्या शतकातील जिनिव्हापर्यंत मागे जाते. १५४१ मध्ये धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या पुढाकाराने तिथल्या चर्चसाठी जे नियम झाले, त्यांत पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन अशी चार पदे ठरवण्यात आली, आणि डीकनांचेही दोन प्रकार करण्यात आले : एक, गरिबांचा निधी सांभाळणारे, दुसरे, रुग्णांची व गरिबांची प्रत्यक्ष शुश्रूषा करणारे. मी सहकारी बँकेत नोकरी करते, त्यामुळे माझा विचार पहिल्या प्रकारासाठी झाला असावा, असे मी धरून चालले होते. पाळकसाहेबांना तसे बोलून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "ताई, हिशेब तुम्हाला येतोच. तुमची तयारी दुसऱ्या बाजूची करायची आहे."

नावे लागोपाठ दोन रविवारी उपासनेत वाचून दाखवण्यात आली. कोणाला काही आक्षेप असेल तर त्याने तो पंचांकडे येऊन सांगावा, अशी पद्धत आहे. प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सेवकांची आधी पारख व्हावी असे सांगितले आहे, त्याला धरून ही पद्धत आली. त्याच ठिकाणी सेवक दुतोंडी नसावा, मद्यासक्त नसावा, अनीतीने पैसा मिळवणारा नसावा, असेही लिहिले आहे. माझ्याबाबत आक्षेप आला तो मी स्त्री असण्याचा. तो फार ताणला गेला नाही. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल किंख्रिया येथील मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस करतो, तिने पुष्कळांना आणि स्वतः आपल्यालाही साहाय्य केल्याचे सांगतो, एवढे वाचून दाखवल्यावर विषय संपला. त्यानंतरचा एक उल्लेख मात्र मी पहिल्यांदाच ऐकला आणि तो मनात राहिला. सुमारे ११२ मध्ये बिथुनिया प्रांताचा रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहिले. ख्रिस्ती लोक नेमके करतात तरी काय, हे काढून घेण्यासाठी आपण त्यांच्यात सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ केला, असे त्याने त्यात नोंदवले आहे. त्या दोघींची नावे त्याने लिहिलेली नाहीत. समाजाने ज्यांना माणसांतही धरले नव्हते, अशा दोन स्त्रियांकडे मंडळीने सेवेचे पद दिले होते, हे कळल्यावर माझ्या मनातला संकोच पुष्कळ कमी झाला.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात दर गुरुवारी संध्याकाळी आमचे वर्ग होत. शिकवण्यासाठी पाळकसाहेब आणि दीर्घकाळ डीकन म्हणून काम केलेल्या एक निवृत्त परिचारिका असत. त्यांना आम्ही सगळे सिस्टरबाई म्हणतो. वर्गाचा सर्वाधिक वेळ गेला तो प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायावर, आणि माझ्या समजुतीत मूलभूत फरक पडला तोही तिथेच.

हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले होते. यरुशलेमेतील मंडळी वाढली, रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकुर सुरू झाली, आणि प्रेषितांनी ते काम पाहण्यासाठी सात जण निवडायला सांगितले. वचनाची सेवा मोठी, पंक्तीची सेवा धाकटी, म्हणून मोठ्यांनी धाकटे काम दुसऱ्यांकडे दिले, असा अर्थ मी कित्येक उपदेशांतून ऐकला होता आणि आमच्यातील एका ज्येष्ठ वडिलांचे मतही तेच होते. पाळकसाहेबांनी आम्हाला मजकूर पुन्हा संथपणे वाचायला लावला. अन्नवाटपासाठी निवडायची माणसे कशी असावीत? प्रतिष्ठित, आणि आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण. कोठीघर सांभाळण्यासाठी एवढी अट कोणी घालत नाही. शिवाय त्यांच्यावर प्रेषितांनी प्रार्थना करून हात ठेवले. त्या सातांपैकी स्तेफन पुढे पहिला रक्तसाक्षी झाला आणि फिलिप्पाने रथात बसलेल्या कूशी अधिकाऱ्याला यशयाचे वचन उलगडून सांगितले. म्हणजे पंक्तीला वाढणारे वचनापासून दूर राहिले नाहीत, आणि वचन सांगणाऱ्याला पंक्तीकडे पाठ फिरवण्याची मुभाही या अध्यायात नाही.

यापुढचा मुद्दा सिस्टरबाईंनी काढला. त्यांनी सातही नावे मोठ्याने वाचायला सांगितली. सातही नावे ग्रीक आहेत, आणि शेवटचा नीकलाव तर अंत्युखियाचा, यहुदी धर्मात बाहेरून आलेला आहे. त्यावरून अनेक अभ्यासक असे मानतात की, ज्या गटाच्या विधवा सुटत होत्या, त्याच गटातली माणसे मंडळीने निवडली. तक्रार करणाऱ्यांची समजूत काढून त्यांना घरी पाठवले नाही, किंवा त्यांच्यासाठी वेगळा वाटा बाजूला काढून ठेवला नाही. सगळ्या मंडळीचे वाटप त्यांच्या हाती दिले. मी बँकेत अनेक समित्या पाहिल्या आहेत. ज्यांची गाऱ्हाणी असतात त्यांना समितीपासून शक्य तितके लांब ठेवले जाते. म्हणून मला हा भाग वाचताना विलक्षण आदर वाटला. सेवा म्हणजे आपल्याजवळचे नसलेल्याला देणे, एवढीच माझी तोवरची कल्पना होती. कोण सुटले ते शोधणे, आणि जो सुटला त्याला निर्णयाच्या जागी बसवणे, ही त्या सेवेची सुरुवात आहे, असे तेव्हापासून मला वाटू लागले आणि आजही वाटते.

मार्काच्या दहाव्या अध्यायावरील वर्ग त्या मानाने अवघड गेला, कारण तो आपल्या मंडळ्यांच्या सद्यःस्थितीला थेट भिडतो. याकोब आणि योहान येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागतात, बाकीचे दहा त्यांच्यावर रागावतात, आणि येशू त्या बाराही जणांना जवळ बोलावून सांगतो की, तुमच्यात जो मोठा होऊ पाहतो त्याने सर्वांचा सेवक व्हावे, कारण मनुष्याचा पुत्रही सेवा करून घ्यायला नव्हे तर सेवा करायला आला आहे. पंचांच्या निवडणुकीत घराणी, गट आणि मालमत्तेचे प्रश्न कसे शिरतात, हे महाराष्ट्रातल्या बहुतेक ख्रिस्ती वाचकांना ठाऊक आहे. ज्या पदाचे नावच सेवा आहे, ते मिळवण्यासाठी एकमेकांची तोंडे पाहायची नाहीत अशी वेळ आपण आणतो, याचे मला मनापासून दुःख होते. त्या संध्याकाळी आम्ही सर्वांनी, निवडून आलो नाही तरी नेमून दिलेली घरे भेटत राहू, असे लिहून दिले. ही सूचना पाळकसाहेबांची होती आणि ती योग्यच होती.

हिशेबाचे शिक्षण मला नको, असे जरी आधी ठरले होते, तरी तेही झालेच, आणि त्यातही मला नवे मिळाले. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या-नवव्या अध्यायांत पौल यरुशलेमेतल्या गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करताना दिसतो. ती रक्कम तो एकट्याने नेत नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेले इतर बंधूही तो पाठवतो आणि कारणही स्पष्ट लिहितो : एवढ्या मोठ्या दानाच्या कामात आपल्याला कोणी दोष लावू नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगले ते घडावे. आमच्याकडे रविवारचे दानार्पण दोघांनी मिळून मोजायचे, नोंदवहीत दोघांच्या सह्या करायच्या आणि सोमवारी भरणा करायचा, हा नियम त्याच विचाराचा आहे. गरिबांच्या निधीची व्यवस्था थोडी वेगळी. पावती-वहीत मदत घेणाऱ्याचे नाव येत नाही, क्रमांक येतो. क्रमांक कोणाचा हे लिहिलेली वही पाळक आणि एक डीकन यांच्याजवळ असते. हिशेबतपासनिसाला रक्कम जुळते की नाही ते पाहता येते, पण कोणत्या घरात त्या महिन्यात चूल पेटायची अडचण होती, हे मंडळीभर होत नाही. पैशाचा हिशेब उघडा आणि माणसाची अडचण झाकलेली, हा तोल मला बँकेच्या नोकरीत कोणी शिकवला नव्हता.

या निधीचा इतिहास किती जुना आहे, हेही त्या वर्गात कळले. २५१ च्या सुमारास रोमच्या मंडळीचा अध्यक्ष कर्नेलियस याने लिहिलेल्या एका पत्रात त्या मंडळीची मोजदाद आलेली आहे : ४६ वडील, ७ डीकन, आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा व गरजू मिळून १,५०० हून अधिक. आणि हे सगळे मंडळीला कायद्याचे संरक्षण नसताना, छळाच्या काळात चालले होते.

प्रत्यक्ष भेटींना ईस्टरनंतर सुरुवात झाली. मला सिस्टरबाईंबरोबर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जायचे होते. कोल्हापूर जिल्ह्याखेरीज सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि सीमाभागातूनही रुग्ण तिथे येतात, त्यामुळे ज्यांचे शहरात कोणीच नाही असे नातेवाईक व्हरांड्यात पथारी टाकून दिवस काढत असतात. सिस्टरबाईंनी मला आधी काय करायचे नाही ते सांगितले. खाटेवर बसायचे नाही. आजाराचे नाव विचारायचे नाही; त्याने आपणहून सांगितले तर ऐकायचे. दहा मिनिटांच्या वर थांबायचे नाही. डॉक्टरांच्या उपचारावर मत द्यायचे नाही. बरे व्हाल असे वचन द्यायचे नाही, कारण ते आपल्या हातात नाही आणि प्रभूच्या नावाने खोटे आश्वासन देणे हे पाप आहे. प्रार्थना करू का, असे विचारायचे, आणि नको म्हटले तर तितक्याच प्रेमाने निरोप घ्यायचा. मग त्यांनी एकच काम करायला सांगितले : रुग्णाशेजारी जो बसला आहे तो जेवला आहे का, ते बघायचे.

हे शेवटचे काम फार मोठे निघाले. एका खाटेजवळ चंदगड भागातील एक मध्यमवयीन बाई सासूची देखभाल करत होत्या. आम्ही सासूबाईंची विचारपूस केली, त्यांनी हात जोडले. सुनेला जेवणाचे विचारल्यावर त्या आधी म्हणाल्या, "व्हय, झालं की." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आईंस्नी सोडून खाली कसं जायाचं ओ?" रुग्णाला रुग्णालयातून जेवण मिळत होते, तिला बाहेर जाऊन खायचे तर सासूजवळ कोणी नव्हते. सिस्टरबाई तिथे बसल्या आणि त्या बाई जेवून, अंघोळ करून, गावी फोन करून आल्या. एवढीच त्या दुपारची सेवा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात, शेवटच्या न्यायाच्या प्रसंगात, राजा उजवीकडच्यांना सांगतो की, मी भुकेला होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, तेव्हा तुम्ही माझी सेवा केली. आणि ते नवल करून विचारतात, प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिले? त्यांना माहीत नव्हते, हे त्या प्रसंगातले मर्म मला त्या व्हरांड्यात कळले. त्यांनी ख्रिस्ताला पाहून सेवा केली नव्हती. समोरच्याची भूक पाहून केली होती, आणि ती ख्रिस्ताला पोहोचली होती. त्यामुळे समोरच्या माणसाला आपल्या पुण्याचे साधन करण्याची जागाच तिथे उरत नाही.

मिरजेच्या मिशन रुग्णालयाचा उल्लेख या वर्गांत अनेकदा होई. कॅनडातून आलेले डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ पासून मिरजेत त्यांचे रुग्णालय चालू झाले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज त्यांचे स्नेही होते. सांगलीजवळ क्षयरोग्यांसाठी उभ्या राहिलेल्या वसाहतीचे वॉनलेसवाडी हे नाव आजही टिकून आहे. मिरजेच्या रुग्णालयात ज्या परिचारिका शिकल्या त्यांच्या लेकी-सुना आज आमच्या मंडळीत आहेत. सिस्टरबाईंची शिस्त त्या परंपरेतून आली होती, म्हणून हे सांगितले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सुतारवाड्यात दर पुरात पाणी लवकर येते, तसे ते आलेच, पण या वेळी ते कधी न पाहिलेल्या भागांत शिरले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, उपसा केंद्रे बुडाल्याने शहराचा पाणीपुरवठा थांबला, दूध आणि भाजीची टंचाई झाली. आमच्या मंडळीचा हॉल उंचावर असल्याने तिथे कुटुंबे राहायला आली, आणि पाणी ओसरू लागल्यावर पुणे-मुंबईकडच्या मंडळ्यांनी पाठवलेले सामान तिथेच उतरवले गेले. तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, साबण, चादरी, सॅनिटरी पॅड यांचे संच बांधायचे आणि वाटायचे, हे काम डीकनांकडे आणि आम्हा उमेदवारांकडे आले.

पहिली यादी मंडळीच्या नोंदवहीवरून झाली, दुसरी रेशनकार्डांवरून. दोन्ही याद्या हाती धरून आम्ही वस्तीत गेलो तेव्हा सहाव्या अध्यायातील विधवा मला दारोदार भेटू लागल्या. भाड्याच्या खोलीत राहणारे, ज्यांचे कार्ड गावाकडचे आहे, ते कोणत्याच यादीत नव्हते. मुलीकडे राहायला आलेल्या वृद्ध आई जावयाच्या कार्डावर नव्हत्या. एका खोलीत दोन भाऊ वेगळ्या चुली मांडून राहत होते, पण यादीत घर एकच होते. शिरोळ तालुक्यात गेलो तेव्हा रस्त्यालगतच्या गावात संचांचे ढीग होते आणि आतल्या वाडीवर ट्रॅक्टरशिवाय जाता येत नसल्याने तिथे थोडेच पोहोचले होते. कोणी मुद्दाम कोणाला वगळलेले नव्हते. यरुशलेमेतही बहुधा असेच घडले असेल : जो आपल्या भाषेत बोलतो, आपल्या रस्त्यावर राहतो, आपल्या नोंदवहीत आहे, तो आधी दिसतो. म्हणून आम्ही प्रत्येक गल्लीत यादीत नसलेल्या घरातलीच एक व्यक्ती बरोबर घेतली आणि "तुमच्या माहितीत कोण राहिले?" एवढे एकच विचारत पुढे गेलो. त्या व्यक्तींनी आमच्यापेक्षा कितीतरी चांगले वाटप केले.

एका घराच्या उंबऱ्यात एक आजी संच हातात न घेता उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आमी तुमच्यातली न्हाई. चालतंय न्हवं?" आमच्या यादीत धर्माचा किंवा जातीचा रकाना नव्हता, आणि पंचांनी वाटप सुरू होण्यापूर्वी एक ठराव केला होता की मदतीच्या संचाबरोबर कोणतीही पत्रिका, शुभवर्तमानाची प्रत किंवा सभेचे आमंत्रण द्यायचे नाही. काही तरुणांना हा ठराव रुचला नाही. शुभवर्तमान सांगणे ही आज्ञाच आहे, मग ती पुरात का स्थगित करायची, असे ते म्हणत. त्यांच्या तळमळीचा मी आदर करते, पण माझे मत ठाम आहे. ज्याच्या घरात गुडघाभर गाळ आहे, त्याला डाळ-तांदळाबरोबर ऐकण्याचे बंधन घालणे म्हणजे त्याच्या लाचारीचा उपयोग करून घेणे. लूकच्या दहाव्या अध्यायातल्या दृष्टांतात शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला एक वाटसरू, वाटेत पडलेल्या जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, दोन दीनार देतो, आणखी लागले तर परत येताना देईन म्हणतो. तो त्याच्या श्रद्धेची चौकशी करत नाही आणि स्वतःची सांगतही नाही. रोमन सम्राट ज्युलियन ख्रिस्ती लोकांचा विरोधक होता. तरी चौथ्या शतकात त्याने आपल्या पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात मान्य केले की, हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाला असे लिहावे लागते, याहून मोठी साक्ष मला तरी दुसरी वाटत नाही. आजींना मी म्हटले, "आजी, यादी पाणी शिरलेल्या घरांची आहे." त्यांनी संच घेतला आणि शेजारच्या बंद दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मग हितं बी द्या. म्हातारा एकलाच हाय, त्येला कुणी विचारलं न्हाई."

डिसेंबरमध्ये, नाताळपूर्वीच्या आगमनकाळातल्या एका रविवारी, उपासनेत आमचे हस्तार्पण झाले. प्रतिज्ञेचे प्रश्न विचारण्यात आले, आम्ही उत्तरे दिली, पाळकांनी आणि वडिलांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पंक्तीची सेवा धाकटी मानणारे ज्येष्ठ वडीलही त्यांत होते. त्यांचे मत बदलले की नाही, हे मी त्यांना विचारले नाही. पण पुरात सर्वांत जास्त दिवस हॉलमध्ये झोपलेले तेच होते.

डीकन मंडळाच्या पहिल्या बैठकीत मी एक प्रस्ताव ठेवला : गरिबांच्या निधीच्या समितीत ज्या कुटुंबांनी त्या निधीतून कधी मदत घेतली आहे, त्यांच्यातल्या दोन व्यक्ती असाव्यात. क्रमांकाच्या वहीची गुप्तता मोडेल, हा आक्षेप रास्त होता, म्हणून तयार असलेल्यांनी स्वतःहून पाळकसाहेबांना भेटावे असे ठरले. एक रिक्षाचालक बंधू आणि एक विधवा ताई पुढे आल्या. ताईंनी पहिल्याच बैठकीत दोन बदल सुचवले. मदत महिन्याच्या पंधरा तारखेला न देता शाळा सुरू होण्याच्या आणि पावसाच्या तोंडावर एकदम द्यावी, कारण कर्ज तेव्हाच काढावे लागते. आणि घरी येणाऱ्या डीकनाने येण्याआधी फोन करावा, म्हणजे माणसाला स्वतःचे घर आवरून दार उघडता येते. दोन्ही बदल त्याच दिवशी इतिवृत्तात लिहिले गेले.